मुकादमाच्या वाट्याचा बांध

इनास मुकादमाला काय मिळणार होतं ते आधीच सांगितलेलं बरं, म्हणजे पुढे त्याची दया यायची घाई होणार नाही.

लढाईच्या दिवसांत खाडीकाठचं आगरखार गाव परक्या फौजेच्या ताब्यात गेलं. फौजेला खंदक खणायला माणसं हवी होती. ती पुरवायचं काम इनासने आपणहून अंगावर घेतलं, आणि त्याच्या घरचा एकही गडी वेठीला गेला नाही. एवढ्यावर तो थांबणारा नव्हता. मारियामायच्या सणाआधी खाडीला मोठं उधाण येतं. गडी खंदकात, मग बांधाला माती कोण लावणार? बांध फुटला की खारं पाणी भातात शिरणार, आणि खारवलेल्या शेतात तीन वर्षं रोप धरत नाही. उपाशी माणूस तीन वर्षं थांबतो का? पोतंभर तांदळाला एकेक शेत इनासच्या पदरात पडणार होतं. बांधात त्याचाही वाटा होता, पण त्याचं भात उंचवट्यावर पिकायचं. त्याचं काय बुडणार!

याच गावात पाद्रे बेंतूबाबा राहत असत. संत फ्रान्सिसच्या मठातले हे साधुपुरुष. फौजेने मठ रिकामा करून बाकीच्या साधूंना गलबतात बसवून हाकललं. बाबा हटले नाहीत. “माझे आजारी इथे आहेत, मी तिकडे जाऊन काय करू?” एवढंच ते म्हणाले. मग फौजेने देवळाची घंटा तोफा ओतायला नेली आणि जमाव करायला बंदी घातली. देवाचं नाव घ्यायला चार माणसं जमली तर यांच्या तोफा डळमळणार होत्या! बाबा घरोघर जाऊन प्रार्थना म्हणू लागले. आजाऱ्याला पेज भरवावी, मेलेल्याला माती द्यावी, असा त्यांचा दिवस जाई.

नातल नावाची विधवा मात्र त्या ओसाड देवळात रोज केर काढी. तिचा एकुलता एक मुलगा पास्कू इनासनेच खंदकावर धाडला होता.

“काय गं नातल,” इनास जाता जाता म्हणे, “घंटा नाही, मिस्सा नाही, झाडतेस कुणासाठी? तुझा देवही गेला की गलबतातून!”

“गेला असता तर तुम्ही इथून जाताना एवढं वळून वळून बघितलं नसतंत, मुकादमभाऊ.”

उधाणाच्या सकाळी बाबा दारोदार फिरले. म्हातारे आले, बायका आल्या, टोपल्या, फावडी, पेंढ्याचे भारे आले. इनास उंचवट्यावर विडी ओढत उभा होता.

“पाद्रेबाबा, जमावाला बंदी आहे हो! कप्तानाला कळवू का?”

“कळव की,” बाबा म्हणाले. “येताना त्यालाही एक टोपली घेऊन ये म्हणावं.”

उधाणाच्या दिवशी बांधावर हाक घालायची गावाची रीत होती. ज्याचा वाटा त्याचं नाव पुकारायचं. ‘आहे’ म्हणून उत्तर आलं की तो वाटा त्या माणसाने जिवावर सांभाळायचा. उत्तर आलं नाही तर तो समुद्राला सोडलेला. त्याला कोणी हात लावायचा नाही. बाबा हाका घालू लागले. नवऱ्यांच्या नावाला बायका ओ देत होत्या. पास्कूच्या नावाला नातल बोलली, “आहे!”

“इनास!”

कोणी बोललं नाही. उंचवट्यावर इनास गालातल्या गालात हसला.

“त्या मेल्याचं नाव कशाला घेता, बाबा?” म्हातारा बस्त्याव ओरडला. “जाऊ दे त्याचा वाटा!”

“इनास!” बाबांनी पुन्हा पुकारलं.

नातलने शेजारणीला म्हटलं, “माझ्या वाट्याकडे बघशील ना गं?” आणि टोपली उचलून ती मुकादमाच्या वाट्यावर जाऊन उभी राहिली. “आहे!”

इनासचं हसू तिथेच वाळलं.

त्या वाट्याला दोन पावसाळे मातीचा गोळा लागला नव्हता. पाणी चढलं आणि बांध नेमका तिथेच फुटला! नातल गळ्यापर्यंत पाण्यात गेली. एका हाताने तिने खुंट धरला होता. बाबा धावत येऊन पलीकडच्या बाजूला पाण्यात उतरले आणि त्यांनी झग्यावर कमरेला बांधलेला तीन गाठींचा दोर सोडला.

“बाबा, तोकडा आहे हो! पुरायचा नाही!”

“तू टोक धर, बाय.”

कमरेला जेमतेम वेढा बसेल एवढा तो दोर. फेकला तो त्या रुंद खिंडारापलीकडे तिच्या हाती पोचला! सगळ्यांनी पाहिलं, इनासनेही पाहिलं. लाट आली, दोराला टेकली, दाव्याला बांधलेल्या खोंडासारखी थरथरली आणि तिथेच उभी राहिली. थेंबही आत आला नाही. मागून बायका माती आणि पेंढा भरू लागल्या, आणि त्यांच्यात इनास कधी मिसळला ते कोणालाच कळलं नाही. डोक्यावर टोपली, तोंडावर चिखल.

ओहोटी लागली तसा तो बाबांसमोर चिखलात आडवा झाला. “बाबा, माझ्या नावाला ही का उभी राहिली?”

“तिला विचार.”

“तुमच्यासाठी नाही राहिले,” नातल संतापाने म्हणाली. “माझ्या पास्कूला भात लागतो. पण बाबांची हाक तशीच रिकामी जाताना ऐकवेना मला.”

इनासने तिच्याही पायांवर डोकं टेकलं. संध्याकाळच्या आत तो घरचे गडी घेऊन छावणीत गेला, त्यांच्यासकट स्वतः खंदकात उतरला आणि गावची माणसं त्याने घरी धाडली. पास्कू आला.

आता या सगळ्याचं मोल भरलं कोणी ते ऐका. फौजेने काहीच भरलं नाही. कापणीला येऊन निम्मं भात मात्र उचलून नेलं. कप्तानाने ते चवीने खाल्लं. नातलच्या तळहाताची कातडी दोराबरोबर गेली. इनासच्या पाठीवर खंदकातल्या चाबकाचे वळ उठले. लढाई संपल्यावर त्याच पाठीवर बाबांना बसवून तो घरोघर आजाऱ्यांकडे नेत असे. कारण बाबा त्या पाण्यातून वर आले, पण त्यांचे पाय पुन्हा कधी चालले नाहीत.