चाळीस वर्षांचा अंतरपाट

एका राज्यात अंतरपाट आभाळातून पडत असे. बाजारात, पाणवठ्यावर, देवळाच्या पायरीवर, जिथे कुठे तरुण बाई आणि तरुण पुरुष समोरासमोर येत, तिथे दोघांच्या मधोमध सर्रकन एक पांढरं कापड उतरे आणि गुडघ्यापाशी थांबे. ते कात्रीने कापलं जात नसे, विस्तवाने जळत नसे. दोघं पांगले की नाहीसं होई. केस पिकेपर्यंत हे असंच चाले. लग्न झालेलेही त्यातून सुटत नसत. तरी राज्यात पोरं जन्मत होती. ती कशी, हे कापडाला खालून कड असते हे ज्यांना कळलं त्यांना विचारा.

पिकल्या केसांच्या मंडळींना मात्र सगळं दिसे. तेच मुली पाहायला जात, तेच मुलगे निवडत. तासभर टक लावून, पोह्यांच्या दोन-दोन बश्या रिचवून घरी येत आणि सांगत, रूपात काय ठेवलंय, रूप काय चाटायचंय? कुणी विचारलं की हे कापड कुठून आलं, तर म्हणत, पूर्वापार आहे. पूर्वापार म्हटलं की म्हाताऱ्यांना पुढचं काही सांगावं लागत नाही.

त्या राज्यात बावीस वर्षांची सगुणा राहत होती. रंगाऱ्याची लेक. रंगाच्या हौदात उभी राहून कापड तुडवायची, म्हणून तिची पावलं घोट्यापर्यंत लाल. एके सकाळी ती नदीवर कापड धुवायला गेली आणि समोर कापड पडलं. कापडाखाली दोन पाय होते. चिखलाने माखलेले, अंगठ्यापेक्षा दुसरं बोट लांब, आणि पोटऱ्या अशा की सगुणाच्या हातातलं धुणं वाहून गेलं. साधी गोष्ट आहे, म्हणून साधीच सांगतो.

पाय हंबीर कुंभाराचे होते. तो माती न्यायला आला होता. त्याने कापडापलीकडून विचारलं, पाय लाल का? तिने विचारलं, बोटं सारखी का हलतात? तो म्हणाला, माती मळून मळून सवय लागली, उभा राहिलो की चालूच राहतात. दुसऱ्या दिवशी दोघांनाही नदीवर काम निघालं. तिसऱ्या दिवशीही निघालं. दोन महिन्यांत दोघांनी एकमेकांना सगळं सांगितलं आणि गुडघ्याच्या वर काहीही पाहिलं नाही.

तेवढ्यात मामांनी सगुणाचं लग्न ठरवलं, राजवैद्याच्या पुतण्याशी, आठव्या दिवशी. दिसायला कसा आहे, असं तिने विचारलं. मामा म्हणाले, घराणं चांगलं आहे. तिने पुन्हा विचारलं. मामा म्हणाले, चार गावांत मान आहे. तिसऱ्यांदा विचारल्यावर म्हणाले, लाज वाटत नाही का?

सगुणाने घरातली सर्वांत मोठी कात्री उचलली आणि ती नदीकडे निघाली. वाळत घातलेल्या कापडांच्या दोरीवर एक कोतवाल पक्षी बसला होता. तो माणसासारखा बोले, आणि त्यात कुणाला नवल वाटत नसे.

"कात्री ठेव," तो म्हणाला. "सगळे कापडावरच तुटून पडतात. अंतरपाट कधी आपण होऊन खाली येतो का? धरणारा सोडतो तेव्हा येतो. धरणारा शोध."

कुठे शोधू, असं तिने विचारलं. तीन टेकड्यांपलीकडे धूम्रकेश जादूगार आहे, कोतवाल म्हणाला. म्हातारा आहे, चिडका आहे, पण खोटं बोलत नाही, म्हणजे तुझ्या मामापेक्षा बरा.

तीन दिवस चालून सगुणा पोचली. धूम्रकेश उन्हात घातलेल्या पापडांवरचे कावळे हाकत बसला होता. दारात अकरा दगड उभे होते. तो म्हणाला, तीन कामं करशील तर मोकळी, चुकशील तर बारावी.

पहिलं काम. त्याने टाळी वाजवली. अंगणात शंभर तरुण उभे राहिले आणि त्यांच्यापुढे एकच लांबलचक कापड पडलं. हंबीरही त्यांत होता, चाकावरून उचलून आणलेला. सगळ्यांचे पाय घासून धुतलेले, आणि बोलायची मनाई. सगुणा रांगेच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत चालली. नव्व्याण्णव जोड पाय स्थिर होते. एका जोडाची बोटं कोरडी जमीन मळत होती. ती तिथे थांबली.

दुसरं काम. धूम्रकेशाने विचारलं, "या माणसात काय पाहिलंस? खरं सांग."

"आधी पोटऱ्या," सगुणा म्हणाली. "मग आवाज. स्वभाव अजून कळतोय."

जादूगार इतका हसला की दोन पापड कावळ्याने नेले. दारातल्या अकरा दगडांकडे बोट दाखवून तो म्हणाला, या सगळ्यांनी आधी स्वभाव सांगितला होता. मग पुन्हा टाळी वाजवून त्याने हंबीरसकट शंभरही जणांना आपापल्या जागी परत धाडलं.

तिसरं काम सांगताना मात्र तो गंभीर झाला. हे काही पूर्वापार नाही, तो म्हणाला. चाळीस वर्षांची गोष्ट आहे. राजा वज्रसेनाच्या लग्नात अंतरपाट खाली आला, राणी मृगावतीने त्याच्या तोंडाकडे पाहिलं आणि ती भर मंडपात हसली. राजाने पडता अंतरपाट डाव्या मुठीत धरला आणि म्हणाला, यापुढे इथे कुणी कुणाला पाहू नये. मी पंगतीला बसलो होतो. मीठ खाल्लेलं, मंत्र घालावा लागला. त्या दिवसापासून ती मूठ मिटलेली आहे. ती उघड.

एका माणसाचा अपमान झाला आणि सगळ्या राज्याच्या तोंडावर कापड आलं. हेच ते पूर्वापार.

परतीला तीन दिवस लागले. सातव्या दिवशी सगुणा राजधानीत आली. राजाच्या मुठीवर वैद्यांनी तेल ओतून झालं होतं, प्रधानांनी सोन्याचे चिमटे लावून झाले होते. सगुणा राजाकडे गेलीच नाही. ती पूर्वेच्या महालात गेली, जिथे मृगावती राणी चाळीस वर्षं एकटी राहत होती, आणि तिने विचारलं, बाईसाहेब, तुम्ही का हसलात? राणी म्हणाली, हे मला आजवर कुणी विचारलं नव्हतं. आणि उठून तिच्याबरोबर दरबारात आली.

दरबार उभा राहिला. राजा म्हणाला, "तू मला हसली होतीस."

"हसले होते. आपल्या मिशीत अक्षतांचा दाणा अडकला होता. तो हलत होता. आणि मिशी मला फार आवडली होती. दोन्हींचं मिळून हसू आलं."

राजाचा डावा हात मिशीकडे गेला. चाळीस वर्षांत दाणा कुठला राहायला, तरी गेला. मिशीपर्यंत पोचला तेव्हा तो उघडा होता.

मुठीतून कापडाची एक चिंधी खाली पडली. राज्यभर जिथे जिथे कापडं लटकत होती, ती सगळी धप्पकन जमिनीवर आली. बाजार जागच्या जागी थांबला. वीस वर्षांच्या संसारातल्या बायका नवऱ्यांना म्हणाल्या, अस्सा आहेस होय तू. दोन-चार घरांत भांडणं झाली, बाकीच्यांनी भरदुपारी दारं लावून घेतली. धूम्रकेशाच्या दारातले अकरा दगड माणसं होऊन घरी गेले. प्रधान ओरडत फिरले की रीतभात बुडाली. ऐकायला कुणी मोकळं नव्हतं. राजाने पूर्वेच्या महालात यायची परवानगी मागितली. राणीने त्याला अर्धा तास दारात उभं केलं आणि मग दिली.

आठव्या दिवशी सकाळी सगुणा नदीवर गेली. हंबीर आधीच उभा होता. वर आभाळ रिकामं होतं. तिने पायांपासून सुरुवात केली आणि हळूहळू वर पाहत गेली.

"नाक वाकडं आहे तुझं," ती म्हणाली.

"चाकावर आपटलं होतं," तो म्हणाला. "चालेल?"

तिने उत्तर द्यायची घाई केली नाही. तोही तिच्याकडे पाहत होता आणि त्यालाही घाई नव्हती. बोटं तेवढी वाळू मळत होती.

मग मामा धापा टाकत आले. मांडव घातलाय, वऱ्हाड येऊन बसलंय, आणि वैद्याचा पुतण्या कालपासून फुलवाल्याच्या मुलीसमोरून हलायला तयार नाही, आता मी लोकांना काय तोंड दाखवू, असं बरंच काही म्हणाले. म्हणता म्हणता दोघांच्या मधोमध येऊन उभे राहिले.

"मामा," सगुणा म्हणाली, "बाजूला व्हा. ऊन अडतंय, मला तो नीट दिसत नाहीये."

मामा बाजूला झाले.