पहिला घोट गायत्याचा

"मॅनेजरनं चैनूचं गायतेपद काढून..." एवढंच कानावर आलं आणि त्याची शेजारीण बुधरी तडक गोटुलाकडे, गावच्या बैठकीच्या जागी धावली.

तिथे खाणीचा मॅनेजर म्हाताऱ्या चैनूला दटावत होता, "गायता म्हणजे गावचा प्रमुख ना? मग आजपासून गायता मी! तुमचा झरा बुजणार. गावानं आमच्या टाकीचं पाणी प्यायचं."

"बरं साहेब, झालात गायता," चैनू म्हणाला. "नवं धान्य असो की मोहफूल, आमच्यात गायता आधी तोंडात घालतो. त्याला बाधलं नाही, तरच गाव खातं." त्यानं टाकीतल्या लालसर पाण्याचा पेला पुढे केला. "घ्या, गायता!"

सगळं गाव बघत राहिलं. मॅनेजरनं पेल्याला हात न लावताच झरा बुजवायचे कागद गुंडाळले आणि जीप गाठली.

"गायतेपद गेलं होतं खरं," बुधरीनं घरी सांगितलं, "पण पेला भरेपर्यंतच."