किल्ली सोडून सही करा

वेळ सकाळी साडेदहाची, जागा कातळवाडी आरोग्य केंद्राचं आवार. घाटाखाली पेशंट नेणारी एकमेव जुनी जीप तिथे उभी होती. तिचे ठिणगी पाडणारे जुने पॉइंट काढून इलेक्ट्रॉनिक इग्निशन बसवल्यापासून इंजिन सुरू होई आणि किल्ली सोडताच बंद पडे.

"पॉइंटसाठीचा, वीज कमी करणारा रेझिस्टर काढायचा राहिलाय. किल्ली धरली की वीज थेट जाते, सोडली की त्यातून; मग नव्या यंत्राला ती पुरत नाही," असं केंद्राच्या डॉ. हेमलता वरठा यांनी कळवलं होतं. जिल्ह्याचे अभियंते सरनोबत आले, ते फक्त 'जीप उत्तम' या दाखल्यावर बाईंची सही घ्यायला. सही मिळाली की त्यांची जबाबदारी संपणार होती.

ते स्वतः जीपमध्ये बसले आणि किल्ली फिरवून धरून राहिले. इंजिन धडधडलं.

"बघा बाई, चालतीये! तुम्ही नाडी बघा, इंजिन आम्ही बघतो. करा सही."

"करते की. आधी तुमची होऊ द्या." बाईंनी दाखल्याचा कागद स्टिअरिंगवर ठेवला. "फक्त इंजिन बंद पडू देऊ नका."

साहेबांनी पेन घ्यायला किल्लीवरचा उजवा हात काढला. जीप गप्प झाली.

"नाडी बघितली, साहेब. गेली!"

रेझिस्टर तिथेच काढावा लागला. पण असंच इग्निशन बसवलेल्या जिल्ह्यातल्या बाकीच्या जीप आधीच 'उत्तम' ठरल्या आहेत. त्यांच्या किल्ल्या कोणी धरून ठेवल्या होत्या, हे अजून कोणीही सांगितलेलं नाही.