लाल तारेची परीक्षा

तिसंगी नावाच्या गावी दिगंबर नावाचा एक कारागीर राहत असे. पंखा, रेडिओ, टीव्ही, संगणक, जे बिघडेल ते तो दुरुस्त करी. देवाला हात जोडल्यावाचून तो दुकान उघडत नसे. दोष म्हणाल तर एकच. 'मला ठाऊक नाही' हे शब्द त्याच्या तोंडून कोणी कधी ऐकले नव्हते, आणि त्याचा त्याला अभिमान होता.

दिवाळीच्या पाडव्याला वेणूताई व्हिडिओ गेमचा एक जुना रिमोट पदराखाली धरून दुकानी आल्या. तीस वर्षांपूर्वी थोरल्या भावाने तो खेळ त्यांना ओवाळणीत घातला होता. तेव्हापासून दर भाऊबिजेला भावंडे तो खेळत. खेळाचे यंत्र केव्हाच मोडीत निघाले. सुनेने तोच खेळ संगणकावर घालून दिला. पण नव्या रिमोटची बारीक बटणे ताईंच्या आखडलेल्या अंगठ्याला दाबता येत नसत. आजारपणामुळे चार वर्षे न आलेला भाऊ उद्या येणार होता. जुना रिमोट संगणकाला जोडून हवा होता, आणि तसा दुसरा आता कोठे मिळत नव्हता.

दिगंबराने काम घेतले. जुन्या रिमोटची भाषा संगणकाला कळत नाही. मध्ये दुभाष्यासारखी एक लहानशी सर्किटची पट्टी लागते. ती त्याच्यापाशी होती. रिमोटच्या वायरीची पिन कापून त्याने आतल्या पाच तारा मोकळ्या केल्या आणि रंग पाहून भराभर पट्टीला जोडल्या. लाल तार वीज आणणारी, काळी परत नेणारी. वीस वर्षे तो असाच जोडत आला होता.

आता पट्टीची पिन संगणकात घालणे तेवढे उरले. वेणूताईंनी विचारले, "तपासलंस ना रे?"

"ताई, रंग दिसतोय की. त्यात काय तपासायचं?"

"लुगड्याचा रंगही दुकानात पक्काच असतो. धुतल्यावर कळतं."

दिगंबर हसला, पण हात थांबला. जोड चुकून रिमोट जळाला असता तरी त्याला कोणी बोल लावला नसता. जुनी वस्तू, टिकली नाही, एवढे म्हणून तो सुटला असता. ताईंनीही ते मानले असते. परंतु ज्या देवापुढे तो सकाळी उभा राहिला होता, त्याच्यापुढे त्याला उद्याही उभे राहायचे होते.

तो खाली पाहून म्हणाला, "ताई, खरं सांगतो. या तारांचं मला ठाऊक नाही. उघडून बघावं लागेल. वेळ जाईल."

ताईंनी स्टूल ओढले. "मग बघ. मी बसते."

त्याने रिमोटचे सहा स्क्रू काढले आणि एकेका तारेला मीटर लावला. लाल तार परत नेणारी निघाली. वीज यायची होती ती पांढरीतून. पिन घातली असती तर रिमोट त्याच क्षणी जळाला असता. त्याने हेही ताईंना सांगितले, केलेले सारे जोड सोडवले आणि नव्याने केले. दोन तासांनी ताईंनी बटण दाबताच पडद्यावरच्या चिमुकल्या माणसाने उडी मारली.

भाऊबिजेला ओवाळणी झाली आणि भावंडे खेळायला बसली. नवा रिमोट हाती घेतलेला भाऊ लागोपाठ तीन डाव हरला. आपले बटण अडकते अशी त्याने तक्रार मांडली.

वेणूताई म्हणाल्या, "दादा, बटण चांगलं आहे. तू म्हातारा झालास."

तात्पर्य: विश्वासाने हाती दिलेली वस्तू आपल्या नावलौकिकाहून मोठी मानावी, आणि जे ठाऊक नाही ते नुकसान होण्याआधीच सांगावे.