पाठीमागची झाडी

एकदा एका कापडाच्या व्यापाऱ्याच्या मनात आले, की आपल्या नव्या दालनात माशांची एक मोठी काचपेटी असावी. रेवणशेठ त्यांचे नाव, आणि मनात आले की ते झालेच पाहिजे असा त्यांचा खाक्या. गावात या विद्येचे जाणकार एकच होते. शाळेत वनस्पतिशास्त्र शिकवून निवृत्त झालेले एक वृद्ध शिक्षक, ज्यांना सारे गाव अण्णा म्हणे. शेठजी त्यांच्याकडे गेले, तेव्हा अण्णांनी शेजारी उभ्या असलेल्या आपल्या शिष्येकडे बोट दाखवले. “ही करील,” एवढेच ते म्हणाले.

सुमेधा तिचे नाव. अण्णांच्या हाताखाली ती पुष्कळ शिकली होती, पण स्वतःच्या जबाबदारीवर तिने एकही पेटी उभी केलेली नव्हती. घरी थोरला भाऊ रोज ऐकवत असे, की माशांना खाऊ घालून माणसांची पोटे भरत नाहीत, त्यापेक्षा एखादी नोकरी बघ. हे काम जमले तर त्याचे तोंड बंद होणार होते. फसले तर ज्या एका गोष्टीत तिचा जीव रमत होता, तीच सोडावी लागणार होती.

तिने मन लावून पेटी सजवली. तळाशी बारीक वाळू पसरली, मागच्या बाजूस उंच पाणवनस्पती लावल्या, पाणी माशांना मानवेपर्यंत काही दिवस मुरू दिले आणि मग त्यात निऑन टेट्रा नावाचे इवलेसे मासे सोडले. बोटाच्या पेराएवढा जीव, अंगावर निळी झळाळती रेघ, शेपटीकडे तांबडा रंग. स्वभावाने अगदी गरीब, कोणाच्या अध्यात ना मध्यात, आणि नेहमी थव्याने राहणारे. नवी जागा म्हणून ते आधी झाडीत जाऊन बसले. थोडे दिवस असेच चालते, हे सुमेधाला ठाऊक होते.

पण शेठजींना दम कुठला? सारा जन्म कापडात गेलेला. ठाण गादीवर उलगडून दाखवल्याशिवाय गिऱ्हाईक हात लावत नाही, हे त्यांचे शास्त्र, आणि जगात दुसरे शास्त्र असू शकते हे त्यांच्या गावीही नव्हते. माल झाकून ठेवला तर दिसणार कसा, असे म्हणून त्यांनी झाडे कापायला सांगितली. सुमेधा चाचरत काहीतरी बोलली, पण पहिलेच काम, त्यात एवढा मोठा व्यापारी. तिने कात्री चालवली.

मासे उरलेल्या झाडीत शिरले. शेठजी म्हणाले, अजून कापा. वर आणखी एक झगझगीत दिवा लागला. गिऱ्हाईक आले की काचेवर टिचकी मारून मासे हलवायचे, असा दुकानातल्या नोकरांना हुकूम सुटला. अखेर पेटीत झाड म्हणून काही राहिले नाही आणि सगळे मासे कोपऱ्यातल्या पाणी फिरवणाऱ्या पंपामागे एकमेकांना चिकटून बसले. त्यांच्या निळ्या रेघा विझल्या. अन्न पडले तरी ते हलेनात, आणि एके सकाळी त्यांतले दोघे तळाशी मरून पडलेले दिसले. सुमेधाला रडू आवरले नाही.

शेठजींनी मात्र निर्वाणीचे सांगितले. “ताई, दिवाळीच्या पाडव्याला दालन उघडायचंय. तोवर मासे दिसले नाहीत, तर पेटी उचला. तिथे मी पैठणी नेसवून पुतळा उभा करतो.”

सुमेधा खाली मान घालून अण्णांकडे गेली. घडले ते सगळे तिने सांगितले, आपण कात्री चालवली हेही लपवले नाही. अण्णा रागावले नाहीत. त्यांनी एकच गोष्ट विचारली, की मासे बसतात कुठे. पंपामागे, असे ती म्हणाली. त्यावर ते उठले, आणि आपल्या घरच्या पेटीतली झाडे मुळांसकट उपटू लागले.

ओल्या गोणपाटात गुंडाळलेला तो भारा घेऊन ते दालनात आले. पेटीच्या मागे आणि दोन्ही अंगांना त्यांनी सुमेधाकडून आधी होती त्याहून दाट झाडी लावून घेतली, पुढचा भाग तेवढा मोकळा ठेवला. पाण्यावर तरंगती पाने सोडली, जादाचा दिवा काढवला. एवढ्यावर न थांबता, इतकी वर्षे जिवापाड जपलेला आपला निऑनचा अख्खा थवाही त्यांनी त्या पेटीत सोडला. नवे मासे क्षणात दिसेनासे झाले.

शेठजी चक्रावले. “अण्णा, मी झाडी काढा म्हणतोय, तुम्ही रान माजवताय! होते तेच दिसत नव्हते, त्यात आणखी लपणारे आणलेत?”

पाडव्यापर्यंत काचेला कोणी हात लावू नये, एवढेच मागणे अण्णांनी मागितले. शेठजीही एके काळी त्यांच्याच वर्गात बसलेले, म्हणून त्यांनी ते मानले. निघताना सुमेधाने कारण विचारले, तर अण्णा म्हणाले, “पेटी तुझी आहे, तू बघ. अडलीस तर मी घरीच आहे.”

ती बघत राहिली. सुरुवातीला नुसती झाडीच दिसे, आणि ती देव पाण्यात घालून बसे. मग टाकलेले अन्न संपू लागले. पुढे पानांच्या फटीतून एखादे तोंड डोकावून जाऊ लागले. तरीही पाडव्याच्या दिवशी तोरण लागले, सनईची ध्वनिफीत सुरू झाली, आणि सारी बाजारपेठ दालनात लोटली, तेव्हा पेटीचा पुढचा भाग रिकामाच होता. गर्दीत तिचा भाऊही होता, आणि तिच्या मागे अण्णा उभे होते. शेठजींची नजर तिच्यावर खिळली होती.

तेवढ्यात झाडीतून एक मासा बाहेर आला, थबकला, आणि माघारी पळाला. पुन्हा आला तो दोघांना घेऊन. काही घडले नाही असे पाहून त्यांच्यामागून आणखी आले, आणि बघता बघता अख्खा थवा मोकळ्या पाण्यात उतरला. काचेपलीकडे एवढी माणसे उभी असताना ते एकाच वेळी वळत होते, निळ्या रेघा लखलखत होत्या. इरकल घ्यायला आलेल्या एका आजीबाई हातातले लुगडे विसरून काचेपाशी उभ्या राहिल्या. सुमेधाचा आनंद तिच्या छातीत मावेना.

“अण्णा, लपायला जागा वाढवली, आणि हे बाहेर आले कसे?” शेठजींनी विचारले.

अण्णा म्हणाले, “रेवण, तुझं ठाण उलगडलं की उलगडलेलंच राहतं, कारण त्याला भीती नाही. जिवाचं तसं नसतं. लपायला जागा नाही हे कळलं, की तो सापडेल तो कोपरा धरतो आणि सोडत नाही. मागे झाडी आहे, वेळ आली तर तिथे पोचता येईल, आणि शेजारी आपले सोबती आहेत, एवढी खात्री झाली की तोच जीव उघड्यावर येतो. आसरा जवळ असला म्हणजे धीर येतो, बाबा. बाकीचं हिला विचार. पेटी हिची आहे.”

मग लोकांनी सुमेधाला गराडा घातला. पाणी कसे मुरवायचे, झाडे कोणती लावायची, थवा केवढा हवा, सगळ्याची उत्तरे तिने भर दालनात, खणखणीत आवाजात दिली. सराफ कट्ट्यावरच्या एका पेढीवाल्याने तिथल्या तिथे आपल्या पेढीसाठी पेटी सांगितली. शेठजींनी कान पकडले, आणि ज्या हाताने ते टिचक्या मारायला सांगत, त्याच हाताने काचेवर झुकलेल्या गिऱ्हाइकाला मागे सारले.

घरी जाताना भावाने विचारले, “एवढ्या लोकांसमोर बोललीस. भीती नाही वाटली?”

“अण्णा मागे उभे होते ना,” ती म्हणाली, आणि म्हणता म्हणता तिच्या ध्यानात आले, की सबंध वेळात आपण एकदाही मागे वळून पाहिले नव्हते.

आपल्या आसपासच्या कोणाला भित्रा म्हणण्याआधी, त्याच्या मागची झाडी कोणी छाटली, ते जरा बघावे.