मीठ वाढायला माणूस हवा

एकदा एका घाटाच्या पायथ्याशी एक वैद्यशाळा होती आणि तिच्या शेजारी एक अन्नछत्र. दूरदूरच्या गावांहून लोक आपली आजारी माणसे घेऊन तेथे येत. रोग्याच्या पथ्यपाण्याची चिंता वैद्य वाहत. पण रोग्याच्या उशाशी दिवसरात्र बसलेल्या माणसाने काय खावे, ही चिंता कुणाची? ती एका आचार्यांनी आपल्या शिरावर घेतली होती. तरुणपणी त्यांनी वैद्यशाळेच्या आवारात एकच चूल मांडली आणि पाहता पाहता तेथे पंगती उठू लागल्या. पुढे वय झाले, हात थरथरू लागले, तेव्हा त्यांनी सारा कारभार आपल्या विश्वंभर नावाच्या शिष्यावर सोपवला आणि स्वतः ओसरीवर बसून भाज्या निवडू लागले.

विश्वंभर कर्तबगार होता. त्याने वाढप्यांना वाकावे लागू नये म्हणून छातीइतक्या उंचीचे सागवानी मेज करून घेतले. पाण्याचे माठ उंच तिवईवर चढवले. पंगतीत कुणी मोठ्याने बोलू नये, असा नियम केला. सारे स्वच्छ आणि वेळच्या वेळी होऊ लागले. येणारे जेवत, हात धुवत आणि मुकाट्याने आपल्या रोग्याकडे परतत.

एकच गोष्ट विश्वंभराला छळत असे. कामाला येणारे हात घटत होते. गावातील तरुण मुले-मुली हौसेने येत, भाकऱ्या थापत, पाणी भरत. पण लग्न होऊन घरात पाळणा हलला, की ती दिसेनाशीच होत. मागे उरलेले वाढपी म्हातारे होत चालले होते. त्यात पौषातली यात्रा जवळ आली होती. यात्रेच्या दिवसांत वैद्यशाळा तुडुंब भरे. या वर्षी दुसरी पंगत बसवता येणार नाही, लोकांना उपाशी परत पाठवावे लागेल, या विचाराने त्याचा जीव थाऱ्यावर नव्हता.

अशात एके सकाळी लिंबाजी कासार आणि त्याची बायको सगुणा अन्नछत्राच्या दाराशी आली. सगुणेच्या कडेवर किसन नावाचा धाकटा होता, आणि पदराला धरून चार-पाच वर्षांची ठकी. लिंबाजीचा बाप गेल्या पावसाळ्यात याच वैद्यशाळेत पडून होता. तेव्हा दोघांनी इथलेच अन्न खाल्ले होते, आणि बाप बरा होऊन घरी गेला होता. आता दुकानातून सवड काढून हाताने काही करावे, असे त्यांच्या मनात आले होते.

विश्वंभराने त्यांचे बोलणे आदराने ऐकून घेतले. मग मुलांकडे पाहून त्याने समजावणीच्या सुरात सांगितले, की इथे विळ्या आहेत, उकळते हंडे आहेत. पंगतीत आजाराने गांजलेली माणसे बसतात, त्यांना पोरांचा कालवा सोसणार नाही. दोघांपैकी एकाने यावे, किंवा मुले मोठी झाली की दोघांनी यावे.

सगुणा म्हणाली, "दादा, एकानं यायचं म्हटलं तर दुसऱ्यानं घर धरून बसायचं. मग ती एकाची सेवा झाली. आम्हाला आमच्या घराची करायची होती."

विश्वंभराने हात जोडले. ती चौघे आली तशी परत गेली. ठकी मात्र वळणापर्यंत मान मागे वळवून भाकऱ्यांच्या चळतीकडे पाहत राहिली.

आचार्य ओसरीवर मेथी निवडत होते. त्यांनी सारे पाहिले, ऐकले, आणि पुढची जुडी हाती घेतली.

दुसऱ्या दिवशी दुपारची पंगत उठल्यावर विश्वंभर वैद्यशाळेत निरोप द्यायला गेला होता. परत येतो तो काय, आचार्य जमिनीवर बसून सागवानी मेजाचा पाय करवतीने कापत होते. भुसा त्यांच्या धोतरावर पडला होता, आणि कपाळावर घाम होता. विश्वंभर धावला. त्या मेजासाठी त्याने सुतारामागे लागून लाकूड निवडले होते.

"आचार्य, हे काय करता आहात?"

"पाय कापतो आहे. पलीकडून धर, करवत अडकते."

गुरूंची आज्ञा मोडण्याची त्याला सवय नव्हती. त्याने पलीकडून धरले. एकेक करून चारी पाय गुडघ्याइतके झाले. मग आचार्यांनी तिवईवरचे माठ खाली उतरवायला सांगितले, विळ्या-सुऱ्या उंच फळीवर ठेवायला सांगितल्या, आणि चुलवणाभोवती बांबूंचे दाट कुंपण घालून घेतले, असे की मोठ्या माणसालाही वरून हात घालून कडी काढल्याशिवाय आत जाता येऊ नये. विश्वंभर मनातून खट्टू होता. म्हातारपणी बुद्धीला काही होते म्हणतात, ते हेच की काय, असा विचारही त्याला शिवून गेला, आणि त्या विचाराची त्याला लाजही वाटली.

संध्याकाळी आचार्य काठी टेकत निघाले आणि विश्वंभराला बरोबर घेऊन थेट कासार आळीत गेले. लिंबाजी दुकानात बांगड्या लावत होता. दारात आचार्यांना पाहून तो गडबडून उठला. सगुणा पदर सावरत बाहेर आली. आचार्य मात्र त्या दोघांशी न बोलता ठकीसमोर उकिडवे बसले.

"आमच्याकडे पानावर मीठ वाढायला माणूस नाही," ते म्हणाले. "मीठ पडल्याशिवाय पुढचं काही वाढता येत नाही. मोठी अडचण झाली आहे."

ठकीने आईकडे पाहिले, मग बापाकडे. "मला येतं," ती म्हणाली.

दुसऱ्या दिवशीची पंगत विश्वंभराच्या जन्मभर लक्षात राहिली. पत्रावळी मांडल्या गेल्या, माणसे बसली. ठकी दोन्ही हातांत मिठाची वाटी धरून पहिल्या पानाशी उभी राहिली. कुणाच्या पानावर तिने चिमूट वाढली, कुणाच्या पानावर मूठ. एका म्हाताऱ्या गोसाव्याने हळूच जास्तीचे मीठ परत वाटीत टाकले, तर तिने तेच पुन्हा त्याच्या पानावर वाढले. तिच्यामागे लिंबाजी भाजी घेऊन, सगुणा भाकरी घेऊन. किसन कुणाच्याही पाठीला धरून उभा राही आणि पुढच्या पाठीकडे जाई. मध्येच त्याचा धक्का लागून ताकाचा लोटा कलंडला. विश्वंभर पुढे होणार, तोच एका दाढीवाल्या माणसाने आपल्या उपरण्याने ताक टिपले आणि किसनला मांडीवर घेऊन भाकरीचा तुकडा चारला. "माझा नातू एवढाच आहे," तो शेजाऱ्याला म्हणाला. शेजाऱ्याने त्याचे गाव विचारले. त्या पंगतीत कुणी कुणाचे गाव विचारण्याची ती पहिलीच वेळ होती.

पंगतीच्या टोकाला गिरजाबाई नावाची एक म्हातारी बसे. तिचा नवरा तापाने आत पडून होता. ती रोज येई, भाकरीचा कोपरा मोडी, आणि पान दुमडून उठे. वाढपी आग्रह करत, ती मान हलवी. ठकी मिठाची वाटी घेऊन दुसऱ्यांदा फिरत तिच्यापाशी आली आणि थांबली.

"आजी, तुझं मीठ तसंच आहे."

"भूक नाही गं बाय."

ठकी विचारात पडली. तिला वाटले, आपल्याच वाढण्यात काही चुकले. "मग हे काढून दुसरं वाढू?"

गिरजाबाई तिच्याकडे पाहत राहिली. मग तिला हसू आले. हसता हसता डोळ्यांना पाणी आले, ते तिने पुसले, आणि म्हणाली, "नको. हेच चांगलं आहे. बस इथं, मी खाते कशी ते बघ." ठकी मांडी घालून तिच्या पानासमोर बसली. म्हातारीने भाकरी संपवली, आणि वर भातही मागून घेतला.

कासार आळीतून ही बातमी पसरायला वेळ लागला नाही. मूल झाल्यापासून न फिरकलेली जोडपी एकेक करून येऊ लागली. कुणी तान्ह्याला झोळीत घालून शेंगा सोलत बसे, कुणाची जुळी पत्रावळी मांडताना निम्म्या उलट्या मांडत आणि जेवणारे आपापली सुलटी करून घेत. एका कुंभाराच्या पोराने एकदा खिरीतही मीठ वाढले. त्या दिवशी साऱ्या पंगतीने ती खीर हसत हसत संपवली. यात्रेच्या दिवसांत गर्दी लोटली, पण दुसरी पंगत बसली, तिसरीही बसली, आणि एकही माणूस उपाशी परत गेला नाही.

यात्रा संपल्यावर विश्वंभर आचार्यांच्या पायाशी येऊन बसला. त्याने विचारले, की इतके सोपे होते तर आपण मला तोंडाने का सांगितले नाही? त्या मेजावर करवत कशाला चालवली?

आचार्य म्हणाले, "सांगितलं असतं, तर तू माझ्या शब्दासाठी मुलांना आत घेतलं असतंस आणि कोपऱ्यात बसवलं असतंस. ती पाहुणी झाली असती. पाहुण्याला सांभाळावं लागतं, आणि सांभाळून थकल्यावर आपण म्हणतो, बघा, मुलांमुळे काम होत नाही. मला ती कामाला हवी होती. ज्या घरात सगळं उंचावर ठेवलेलं असतं, तिथं मूल फक्त खाली पाडायलाच शिकतं. तुझी भीती खोटी नव्हती, विश्वंभर. विळी आणि विस्तव यांना जपायलाच हवं, म्हणून कुंपण घातलं. पण तू कुंपण चुलीऐवजी दाराला घातलं होतंस."

विश्वंभराने चुलवणाभोवतीच्या कुंपणाकडे पाहिले.

"तू म्हणालास, मुलं मोठी झाली की या," आचार्य पुढे म्हणाले. "मूल मोठं होईपर्यंत थांबत नाही. ते शिकतच असतं. आईबाप त्याला घरी ठेवून दान करायला गेले, तर ते शिकतं की दुसऱ्यासाठी झटणं हे घराबाहेरचं काम आहे, ज्यासाठी आई आपल्याला सोडून जाते. आणि आईबरोबर आलं, तर त्याला ते काम वाटतच नाही. घरात पाणी पितं, जेवतं, तसं दुसऱ्याला वाढतं. यात मी मुलांवर उपकार केला, असंही समजू नकोस. गिरजाबाईला तू, मी, सगळ्यांनी आग्रह केला. आपण तिला जेवण देत होतो. त्या पोरीनं तिच्याकडे काहीतरी मागितलं, माझं वाढणं गोड मानून घे म्हणून. दुःखात बुडालेल्या माणसाला कधीकधी तेच हवं असतं."

समोर अंगणात कुणाची तरी मुले वाढपाच्या धुतलेल्या पितळी ताटल्या उन्हात मांडत होती आणि मांडलेल्या ताटल्यांत आपली तोंडे पाहत होती.

सेवेला निघताना मुलांना कुठे ठेवावे, असे तुम्ही-आम्ही एकमेकांना विचारत असतो. विश्वंभराने त्यानंतर ते कुणाला विचारले नाही. काही दिवसांनी एक अनोळखी तरुण दाराशी येऊन घुटमळला. त्याची बायको बाळंतपणात गेली होती, आणि छातीशी फडक्यात बांधलेली मुलगी टुकुटुकु पाहत होती. तिला घेऊन पाणी भरायला आलो तर चालेल का, असे विचारायला त्याने तोंड उघडले. त्याचे वाक्य पुरे होण्याआधीच विश्वंभराने दोन्ही हात पुढे केले, आणि मुलगी त्याच्या खांद्यावर आली.

"आधी हिचं नाव सांगा," तो म्हणाला.