पहिली होडी

एकदा एका मोठ्या धरणाच्या फुगवट्यावर एका म्हाताऱ्याचे गुडघे संपले. साधी बाब आहे; गुडघे सगळ्यांचेच संपतात. पण हा म्हातारा त्या काठावरच्या मच्छीमारांचा गुरू होता आणि पहाटे त्याची होडी सर्वांच्या पुढे निघत असे. त्या काठाचा नेमच तसा होता. पहिली होडी जिकडे वळेल तिकडे बाकीच्या वळायच्या आणि तिने गळ टाकल्याशिवाय मागच्यांनी टाकायचा नाही; तिने टाकला की मग त्या टापूत ज्याची त्याने जागा निवडायची. आता म्हाताऱ्याला होडीत पाय ठेवणेही जमेना. दिवाळीच्या आत पहिली होडी दुसऱ्या कोणाच्या तरी हाती जाणार, हे सर्वांना कळून चुकले होते.

म्हाताऱ्याला सगळे आबा म्हणत. आबांचे शिष्य दोन. निवृत्ती हा जुना, पोरवयापासून आबांच्या होडीत वाढलेला. गेनू हा मागाहून आलेला. निवृत्तीने पाणी उपसले, होडीला डांबर फासले, आबांचे पाय चेपले. आणि मासे मात्र गेनूला लागू लागले.

हे निवृत्तीच्या छातीत रुतून बसले होते. संध्याकाळी काठाला आल्यावर तो आधी गेनूची टोपली मोजायचा आणि मग स्वतःची. स्वतःची भरलेली असली आणि गेनूची दोन माशांनी जास्त भरलेली असली, तर त्या रात्री निवृत्तीला भाकरी गोड लागायची नाही. गेनूच्या यशाला काहीतरी गुपित असणार, असा त्याने मनाशी निकाल लावला आणि त्या गुपितामागे लागला. गेनूची दोरी हिरवी, म्हणून याने हिरवी दोरी आणली. गेनू आपल्या होडीत डाव्या अंगाला बसे, म्हणून हाही स्वतःच्या होडीत डावीकडे सरकला आणि होडी एका बाजूला कलली. गेनू गळ टाकण्याआधी पाण्यात थुंकतो, हे त्याने हेरले आणि आठवडाभर भक्तिभावाने तोही थुंकत राहिला. पुढे कळले की गेनू तंबाखू खातो.

काठावर मासे घ्यायला एक व्यापारी येई. त्याच्या जिभेला हाड नव्हते. तो निवृत्तीला म्हणे, "निवृत्तीबुवा, तुम्ही मासे धरता की गेनूला?" सगळे हसत. निवृत्तीही हसे, आणि ते हसणे रात्रभर त्याच्या पोटात जळत राही.

एक गोष्ट येथे सांगितली पाहिजे. आश्विनातले धरण हे श्रावणातले धरण नव्हे. पाणी काठोकाठ भरलेले असते, दिवसा ऊन चटके देते आणि रात्री गारवा उतरतो. बारीक मासळी जागा बदलते आणि तिच्या मागोमाग तिला खाणारे मोठे मासेही बदलतात. शिवड्यासारखा मोठा मासा सकाळी बुडालेल्या झाडांच्या खोडांशी असेल, तर दुपारी नदीच्या जुन्या पात्रात खोल जाऊन बसेल. काल जिथे लागला तिथे आज लागेलच असे नाही. ज्याला हे धरण आपले म्हणायचे आहे, त्याने रोज पहाटे ते नव्याने बघितले पाहिजे. गेनू बघत असे. निवृत्ती गेनूला बघत असे. गेनू एका जागेवरून हलला की थोड्या वेळाने निवृत्तीची होडी तिथे जाऊन उभी राही, आणि तोवर तिथले मासेही हललेले असत.

अखेर एका संध्याकाळी त्याचा बांध फुटला. सर्वांसमक्ष तो आबांपुढे उभा राहिला आणि मनात साठलेले सगळे त्याने ओकून टाकले. आबांचा जीव गेनूवर आहे. जागा त्यालाच सांगितल्या जातात. जुन्या माणसाच्या वाट्याला होडी धुणे आणि नव्याच्या वाट्याला मासे, हा कुठला न्याय. आणि शेवटी तो म्हणाला, "तो इथं आहे तोवर माझं काही खरं नाही, आबा."

लोकांना वाटले, आता म्हातारा याची सालटी काढणार. आबांनी बसल्या जागेवरून आपले वल्हे उचलले आणि निवृत्तीच्या हातात दिले.

"उद्यापासनं पहिली होडी तुझी," ते म्हणाले. मग गेनूकडे वळून म्हणाले, "तू पैलतीराला जा. माझ्या बहिणीच्या वस्तीवर राहा दिवाळीपर्यंत. तिकडंच मासे धर."

काठ अवाक झाला. ज्याने कांगावा केला त्याला होडी, आणि ज्याने ब्रही काढला नाही त्याला हद्दपारी. एका म्हातारीने तर तोंडावर सांगितले की आबांचे गुडघ्यांबरोबर डोकेही गेले. गेनूने मात्र आपले गाठोडे बांधले आणि एवढेच विचारले, "तिकडं कालवण लई तिखट करतात का, आबा?" आबा म्हणाले, करतात. गेनू मान डोलावून निघून गेला.

दुसऱ्या पहाटे निवृत्ती पहिल्या होडीत उभा राहिला, तेव्हा त्याला आपली उंची वाढल्यासारखी वाटली. मागे पाच होड्या त्याच्या वळण्याची वाट पाहत होत्या. त्याने थेट गेनूची जागा गाठली, बुडालेल्या वडाच्या खोडाशी. मासे लागले. दुसऱ्या दिवशी गेनूची दुसरी जागा, जुन्या गावाच्या पाण्याखालच्या भिंतीशी. तिथेही लागले, थोडे कमी. व्यापारी त्याला निवृत्तीशेठ म्हणू लागला. गेनूच्या जागा एकेक करून संपत चालल्या होत्या, हे त्या आनंदात निवृत्तीच्या ध्यानात आले नाही.

आणि मग एका रात्री अचानक थंडी पडली. वारा उत्तरेकडून सुटला. सकाळी धरण ओळखू येईना. पाणी चहासारखे झाले होते, त्याला कुजक्या पानांचा वास येत होता आणि मधूनमधून तळातून बुडबुडे येत होते. काठावरचे लोक याला पाण्याने कूस बदलणे म्हणतात. वरचे पाणी गार होऊन खाली बसते आणि तळाचे घाण पाणी वर येते. तशा पाण्यात माशांचा जीव घुसमटतो आणि ते कुठे पांगतात हे ज्याचे त्याने शोधायचे असते.

निवृत्तीने वडाचे खोड धरले, काही नाही. भिंत धरली, काही नाही. दुसरा दिवस तसाच गेला आणि तिसराही. मागच्या पाच होड्यांतली माणसे काही बोलत नव्हती, पण त्यांच्या घरी चुली होत्या. चौथ्या दिवशी भर पाण्यात निवृत्तीचे वल्हे थांबले. कुठे वळावे हे त्याला कळेना. आणि आपली मान आपोआप पैलतीराकडे वळली आहे, हे त्याला जाणवले. गेनूची होडी कुठे दिसते का, ते तो शोधत होता.

तेवढ्यात त्याच्या मनात विजेसारखा एक विचार आला. जाताना गेनू मासेही घेऊन गेला. हसू नका. मत्सराने पछाडलेल्या माणसाला याहून अशक्य गोष्टीही पटतात; आपल्याकडे मोठमोठ्या पदांवरच्या विद्वानांना पटलेल्या आहेत.

तो तडक काठाला आला. आबा उन्हाला पाय पसरून बसले होते. निवृत्तीने विचारले नाही की पाणी असे का झाले. मासे कुठे गेले असतील, हेही विचारले नाही. त्याने विचारले, "आबा, गेनूला तिकडं काय लागतंय?"

"काही नाही," आबा म्हणाले. "आत्ताच बहिणीकडचा माणूस येऊन गेला. पाणी सगळीकडंच उलटलंय. गेनूची टोपली चार दिवस रिकामी आहे."

निवृत्तीच्या चेहऱ्यावर चांदणे पसरले. क्षणभरच, पण पसरले. आबांनी ते पाहिले. निवृत्तीलाही कळले की त्यांनी पाहिले आहे, आणि त्याने मान खाली घातली.

"चार दिवस तुझ्या घरात मासा शिजला नाही," आबा सावकाश म्हणाले. "तुझ्यामागच्या पाच घरांत शिजला नाही. आणि तुला हसू आलं."

आबांनी त्याला समोर बसायची खूण केली.

"लोक म्हणाले, म्हाताऱ्यानं आगाऊ माणसाला बक्षीस दिलं. मी तुला होडी दिली नाही, निवृत्ती. मी तुझी सबब काढून घेतली. गेनूला होडी दिली असती, तर तू मरेपर्यंत सांगत फिरला असतास की माझं नशीब त्यानं खाल्लं, आणि लोकांनी मानलंही असतं. म्हणून होडी तुला दिली आणि त्याला डोळ्यांआड केलं. आता या पाण्यावर तू आहेस आणि पाणी आहे. तिसरं कोणी नाही. तरी तुला पाणी दिसेना. इतकी वर्षं तू त्याच्या पाठीकडं बघून होडी हाकलीस. पाठ गेली आणि तुझे डोळेच गेले."

 मग निवृत्तीने विचारले, होडी परत घेणार का. आबांनी नकारार्थी मान हलवली. त्यांचे गुडघे काही परत येणार नव्हते.

दुसऱ्या पहाटे पहिली होडी काठापासून थोडी दूर गेली आणि थांबली. मागच्या पाच होड्या थांबल्या. निवृत्तीने वल्हे आत घेतले आणि तो नुसता पाहत बसला. ऊन वर आले. मागून कोणीतरी खाकरले. कोणीतरी विचारले, कुणीकडं जायचं. निवृत्ती म्हणाला, "मला अजून दिसलं नाही. थांबा." एवढे शब्द उच्चारताना त्याला घाम फुटला, पण मागे कोणी हसले नाही.

उन्हे चांगली चढल्यावर त्याला पाणकावळे दिसले. ते धरणाच्या मध्यावर नव्हते. दूर आत, जिथे डोंगरातला ओढा येऊन मिळतो त्या अरुंद घळीवर ते बुड्या मारत होते. ओढ्याचे पाणी ताजे असते, हे निवृत्तीला लहानपणापासून ठाऊक होते. ते उपयोगाला आणायची वेळ त्याच्यावर कधी आली नव्हती. होड्या आत शिरल्या. तिथे पाणी निवळ होते, कडेला बारीक मासळी चांदीसारखी चमकत होती. निवृत्तीने गळ टाकला. काही वेळाने दोरी अशी ताणली गेली की त्याचे बोट कापले.

दुपारपर्यंत सहाही होड्या भरल्या. परतताना मागच्या होडीतल्या एका माणसाने सहज म्हटल्यासारखे विचारले, "पैलतीरालाही असाच एक ओढा आहे ना? त्यांना निरोप धाडायचा का? का नको?"

प्रश्न पहिल्या होडीला होता, म्हणून सगळे थांबले. गेनूला चार दिवसांत काहीच लागले नव्हते. पैलतीरी कोणाला सुचले नाही ते निवृत्तीला सुचले, हे उद्या सगळ्या धरणाला कळणार होते. निरोप गेला नसता, तर आणखी काही दिवस गेनूची टोपली रिकामी आणि निवृत्तीची भरलेली दिसली असती. निवृत्तीच्या पोटात जुनी कळ उठली. ती गेली नव्हती. अशा कळा एका सकाळीत जात नाहीत, आणि जातात असे सांगणाऱ्यांवर विश्वास ठेवू नये.

त्याने कापलेले बोट पाण्यात बुडवले आणि थोडा वेळ तसेच धरले.

"धाडा," तो म्हणाला. "गेनूला सांगा, ओढ्याच्या तोंडाशी जा. आणि आजच जा म्हणावं, उद्या मासे तिथं असतील याचा नेम नाही."

मग त्याने वल्हे उचलले. त्या दिवशी काठावर टोपल्या उतरवताना त्याने कोणाचीच टोपली मोजली नाही. आबांनी दुरून ते पाहिले आणि आपले पाय सावलीत ओढून घेतले.